स्यूडोयुरिडीन कसे शोधावे आणि ते कोणत्या विकराने घडवले हे कसे ठरवावे

आरएनए म्हटले की ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि युरॅसिल ही चार अक्षरे डोळ्यांपुढे येतात; परंतु जिवंत पेशींमधून काढलेल्या आरएनएमध्ये या चारांवर केलेले दीडशेहून अधिक प्रकारचे रासायनिक फेरबदल आढळतात. त्यांतला सर्वांत आधी हाती लागलेला फेरबदल म्हणजे स्यूडोयुरिडीन. १९५१ साली वाल्डो कोन आणि इलियट व्होल्किन यांना आरएनएच्या विघटनातून एक अनोळखी न्यूक्लिओटाइड मिळाले, १९५७ साली डेव्हिस आणि ॲलन यांनी ते यीस्टच्या आरएनएतून वेगळे केले, आणि पुढे काही काळ ते ‘पाचवे न्यूक्लिओटाइड’ या नावानेच ओळखले जात होते. आज त्यावर काम सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे दोन प्रश्न असतात. माझ्या आरएनएमध्ये अमुक जागी स्यूडोयुरिडीन आहे का, आणि असेल तर ते कोणत्या विकराने घडवले? हा लेख त्या दोन प्रश्नांपुरता आहे आणि तो एम.एस्सी.च्या किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातील वाचक नजरेसमोर ठेवून लिहिला आहे.

नवख्याने अनोळखी जागेपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जागेचे उत्तर आधीच ठाऊक आहे तिथे आपला हात बसवावा आणि मगच स्वतःच्या प्रश्नाकडे वळावे. म्हणून येथे ई. कोलाय या जिवाणूच्या २३ एस रायबोसोमल आरएनएमधील हेलिक्स ६९ हे उदाहरण घेतले आहे. हा १९ न्यूक्लिओटाइडांचा छोटासा हेअरपिन, म्हणजे स्वतःवर दुमडलेला आरएनएचा तुकडा, रायबोसोमच्या मोठ्या आणि लहान उपएककांमधल्या पुलाचा भाग आहे, आणि त्यातील १९११, १९१५ व १९१७ या तीन जागी स्यूडोयुरिडीन असते. ही तिन्ही आरएलयू-डी नावाचे एकच विकर घडवते. शिकाऊ माणसाला लागणारे जवळजवळ सगळे धडे या एका हेअरपिनमध्ये सापडतात, सापळ्यांसकट.

आधी रसायन

साध्या युरिडीनमध्ये रायबोज साखरेचा पहिला कार्बन युरॅसिलच्या पहिल्या नायट्रोजनला जोडलेला असतो. विकर हा बंध तोडते, सुटलेला युरॅसिल तिथल्या तिथे उलटवते आणि त्याच्या पाचव्या कार्बनवर साखर पुन्हा जोडते. परिणामी कार्बन-नायट्रोजन बंधाच्या जागी कार्बन-कार्बन बंध येतो आणि पहिला नायट्रोजन मोकळा होऊन त्यावर एक हायड्रोजन बसतो. ॲडेनिनशी जोडी जमवणारी बाजू जशीच्या तशी राहते. वाढतो तो हायड्रोजन बंध देऊ शकणारा एक जादा हात, जो पाण्याच्या रेणूमार्फत आरएनएच्या कण्याला धरून ठेवतो आणि त्या भागाला ताठपणा देतो.

या रचनेतून दोन व्यावहारिक अडचणी निघतात, आणि त्या समजल्या नाहीत तर पुढची प्रत्येक कृती यांत्रिक होते. पहिली अशी, की अणूंची संख्या बदलत नसल्यामुळे युरिडीन आणि स्यूडोयुरिडीन यांचे वस्तुमान तंतोतंत सारखे, म्हणजे सुमारे २४४ डाल्टन असते. निव्वळ वस्तुमान मोजून फरक कळत नाही. दुसरी अशी, की जोडीची बाजू न बदलल्यामुळे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर, त्यावरून निमूटपणे पुढे जाते आणि नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये तिथे साधे टी दिसते. त्यामुळे स्यूडोयुरिडीन दिसायचे असेल तर आधी त्यावर एखादे रसायन चिकटवावे लागते, किंवा दोन रेणूंचे वेगळे वर्तन पकडणारे उपकरण वापरावे लागते.

विकरांचे घराणे

स्यूडोयुरिडीन घडवणाऱ्या विकरांना स्यूडोयुरिडीन सिंथेज म्हणतात. त्यांना एटीपी लागत नाही, दुसरा कोणताही सहघटक लागत नाही. सक्रिय स्थळी असलेले एक ॲस्पार्टेट मात्र सर्वांमध्ये हटकून आढळते. आरएलयू-डीमध्ये ते १३९ व्या स्थानी आहे, आणि हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामाला येणार आहे.

ई. कोलायमध्ये अशी ११ विकरे आहेत. त्यांपैकी सात मिळून रायबोसोमल आरएनएमधील ११ जागा सांभाळतात: १६ एस मधील एकमेव जागा (५१६) आरएसयू-ए कडे आहे, आणि २३ एस मधील दहा जागा आरएलयू-ए पासून आरएलयू-एफ पर्यंतच्या सहा विकरांत वाटलेल्या आहेत. उरलेली चार, म्हणजे टीआरयू-ए, बी, सी आणि डी, ट्रान्सफर आरएनएवर काम करतात. जिवाणूंमध्ये विकर आपली जागा स्वतः ओळखते. यीस्ट आणि मानवी पेशींत स्वतःहून जागा ओळखणारी पस गटातील विकरे आहेतच, पण रायबोसोमल आरएनएवरील काम बहुतांशी एका वेगळ्या यंत्रणेकडे आहे. तिथे एकच विकर, यीस्टमध्ये सीबीएफ-५ आणि माणसात डिस्केरिन, निरनिराळ्या मार्गदर्शक आरएनएंच्या सांगण्यावरून निरनिराळ्या जागी नेले जाते. ही यंत्रणा १९९७ साली उलगडली. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की यीस्टच्या रायबोसोमल आरएनएमधील एखादी जागा कोणाची हे तपासायचे असेल तर सीबीएफ-५ काढून उपयोग नाही, कारण त्याविना पेशी जगतच नाही. त्या जागेची मार्गदर्शक आरएनए काढावी लागते.

पहिली पायरी: स्ट्रेन

किमान चार स्ट्रेन (जिवाणूचे वाण) हाताशी हवेत: मूळ स्ट्रेन, आरएलयू-डीचे जनुक काढलेला स्ट्रेन, त्यात प्लाझ्मिडवरून चांगले आरएलयू-डी परत दिलेला स्ट्रेन, आणि १३९ व्या ॲस्पार्टेटच्या जागी ॲस्पॅराजिन घातलेले निष्क्रिय आरएलयू-डी दिलेला स्ट्रेन. जनुक काढलेला स्ट्रेन स्वतः बनवण्याची गरज नसते. २००६ साली जपानमध्ये तयार झालेल्या केइओ संग्रहात ई. कोलायची ३,९८५ जनुके एकेक करून काढलेली आहेत आणि प्रत्येक जनुकासाठी दोन स्वतंत्र स्ट्रेन ठेवलेले आहेत. दोन्ही मागवा.

नवखे येथेच सर्वाधिक फसतात. केइओ संग्रह ई. कोलायच्या के-१२ वंशातील आहे, आणि के-१२ मध्ये आरएलयू-डी काढले की जिवाणू अतिशय हळू वाढतात. प्लेटवर लहान वसाहती दिसतात, आणि दोन-तीनदा पुन्हा वाढवले की त्यांतच काही टपोऱ्या वसाहती डोके वर काढतात. लवकर वाढतात म्हणून विद्यार्थी नेमक्या त्याच उचलतो. वास्तविक त्या वसाहतींमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी जनुकात उत्परिवर्तन होऊन मूळ दोष झाकला गेलेला असतो. हे उत्परिवर्तन बऱ्याचदा रिलीज फॅक्टर २ या, प्रथिननिर्मिती संपवणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे पीआरएफ-बी या जनुकात असते. म्हणून मिळालेल्या स्टॉकमधून एकेकटी वसाहत घ्यावी, तिचा ग्लिसरॉल स्टॉक त्याच दिवशी उणे ८० अंशांवर ठेवावा, प्रत्येक प्रयोग त्या स्टॉकपासूनच सुरू करावा, आणि पीआरएफ-बी चे सिक्वेन्सिंग करून घ्यावे.

त्या सिक्वेन्सिंगमध्येही एक खाचखळगा आहे. पीआरएफ-बी चा क्रम संगणकावर सरळ भाषांतरित केला तर २५ अमिनो आम्लांनंतर प्रथिन संपल्यासारखे दिसते आणि आपल्याला उत्परिवर्तनच सापडले असे वाटते. तसे नसते. या जनुकात २६ व्या कोडॉनला यूजीए हा थांबा मुळातच आहे, आणि रायबोसोम तिथे एक अक्षर पुढे सरकून पुढचे प्रथिन वाचतो. तेवढे एक अक्षर वगळून भाषांतर करावे, मग खरा बदल आहे की नाही ते कळेल.

दुसरी पायरी: आरएनए काढणे

रायबोसोमल आरएनए पेशीत विपुल असल्यामुळे येथे विशेष कसरत नाही. ६०० नॅनोमीटरवरील ओडी (पेशींच्या दाटीचे माप) ०.४ ते ०.५ असताना पेशी गोळा कराव्यात, आम्ल फिनॉल पद्धतीने किंवा हाताशी असलेल्या किटने एकूण आरएनए काढावे, डीएनेजने डीएनए घालवावे आणि ॲगारोज जेलवर २३ एस व १६ एस चे दोन ठसठशीत बँड पाहून पुढे जावे. हळू वाढणाऱ्या स्ट्रेनला त्याच ओडीपर्यंत पोहोचायला जास्त वेळ द्यावा लागतो. घड्याळ पाहून नव्हे, ओडी पाहून पेशी काढाव्यात.

तिसरी पायरी: सीएमसीची प्रक्रिया

सीएमसी हे कार्बोडायइमाइड वर्गातील रसायन आहे. आरएनएमध्ये ते युरिडीनच्या तिसऱ्या नायट्रोजनवर, ग्वानोसिनच्या पहिल्या नायट्रोजनवर आणि स्यूडोयुरिडीनवर चिकटते. त्यानंतर आरएनए सौम्य अल्कलीत ठेवले की युरिडीन आणि ग्वानोसिनवरचे सीएमसी गळून पडते, पण स्यूडोयुरिडीनच्या तिसऱ्या नायट्रोजनवरचे टिकून राहते आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज तिथे अडते. १९९३ साली बाकिन आणि ऑफेनगँड यांनी या फरकाचा उपयोग करून रायबोसोमल आरएनएमधील जागा शोधण्याची पद्धत बसवली, आणि तीस वर्षांनंतरही एका ठरावीक जागेच्या तपासणीसाठी नवख्याला तीच सर्वांत भरवशाची आहे.

प्रत्येक स्ट्रेनच्या आरएनएसाठी तीन ट्यूब लावाव्यात: सीएमसी आणि अल्कली दोन्ही दिलेली, सीएमसी न देता फक्त अल्कली दिलेली, आणि सीएमसी देऊन अल्कली न दिलेली. तिसरी ट्यूब वाचवण्याचा मोह होतो. निदान पहिल्या दोन-तीन वेळा तो आवरावा, कारण सीएमसीने खरोखर काम केले की नाही हे सांगणारी तेवढी एकच ट्यूब असते. तिच्यात प्रत्येक युरिडीन आणि ग्वानोसिनपाशी अडथळे दिसले पाहिजेत.

कृती अशी करावी. साधारण १० मायक्रोग्रॅम आरएनए २० मायक्रोलिटर पाण्यात किंवा पातळ ईडीटीएमध्ये घेऊन ८० अंश सेल्सिअसवर दोन मिनिटे तापवावे आणि लगेच बर्फात ठेवावे. ईडीटीए यासाठी, की मॅग्नेशियमचे आयन शिल्लक असताना आरएनए तापवले तर ते तुटते. त्यात ५० मिलिमोलर बायसिन, ४ मिलिमोलर ईडीटीए आणि ७ मोलर युरिया असलेला, पीएच ८.५ चा बफर ८० मायक्रोलिटर घालावा. त्याच बफरमध्ये १ मोलर सीएमसी ताजे विरघळवून त्यातले २० मायक्रोलिटर मिसळावे. सीएमसीचा रेणुभार सुमारे ४२४ असल्याने १०० मायक्रोलिटरसाठी साधारण ४२ मिलिग्रॅम लागते, आणि १२० मायक्रोलिटरच्या मिश्रणात त्याचे अंतिम प्रमाण ०.१७ मोलर होते. ३७ अंशांवर २० मिनिटे ठेवावे. युरिया यासाठी घालतात, की आरएनएची घडी उलगडून आतले नायट्रोजन उघडे पडावेत. हेलिक्स ६९ सारख्या हेअरपिनमध्ये त्याविना काही जागा झाकलेल्या राहतात.

सीएमसीची पूड हवेतला ओलावा पटकन घेते. बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या न उघडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि वजन झटपट करावे. प्रयोग फसण्याची कारणे मोजायला बसलो तर ओलावलेली जुनी पूड बहुधा पहिल्या क्रमांकावर येईल.

यानंतर सोडियम ॲसिटेट आणि इथेनॉलने आरएनएचा अवक्षेप काढावा, ७० टक्के इथेनॉलने धुवावा, विरघळवून पुन्हा एकदा अवक्षेपित करावा. दुसरा अवक्षेप अनावश्यक वाटतो. पण उरलेले सीएमसी पुढे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजलाच त्रास देते आणि मग संपूर्ण लेन कोरी येते. पेलेट डोळ्यांना दिसेनासे होते, म्हणून थोडे ग्लायकोजेन वाहक म्हणून घालायला हरकत नाही.

अल्कलीसाठी ५० मिलिमोलर सोडियम कार्बोनेट, पीएच १०.४, त्याच दिवशी बनवलेले घ्यावे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून या द्रावणाचा पीएच हळूहळू उतरतो, आणि पीएच उतरला की युरिडीनवरचे सीएमसी पुरते निघत नाही. पेलेट ४० मायक्रोलिटरमध्ये विरघळवून ३७ अंशांवर दोन ते चार तास ठेवावे. वेळ वाढवली की युरिडीन अधिक स्वच्छ होते, पण आरएनएही अधिक तुटते. दोन्हींचा मेळ आपल्या हातावर आणि आपल्या आरएनएवर बसवून घ्यावा लागतो.

चौथी पायरी: प्रायमर आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन

प्रायमर तपासायच्या जागेच्या ३ प्राइम बाजूला, पहिल्या अपेक्षित अडथळ्यापासून ३० ते ६० न्यूक्लिओटाइड अंतरावर बसला पाहिजे. फार जवळ बसवला तर छोटे तुकडे जेलच्या तळाशी प्रायमरमध्ये मिसळतात. वाटेत आणखी कोणते फेरबदल आहेत हेही पाहावे. येथे १९३९ ला मिथाइल युरिडीन आणि १९६२ ला मिथाइल सायटिडीन येते, परंतु दोन्हींत मिथाइल पाचव्या कार्बनवर, म्हणजे जोडीच्या बाजूपासून दूर असल्यामुळे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्यांवर अडत नाही.

पूर्वी प्रायमरला किरणोत्सारी फॉस्फरस-३२ लावत. भारतात त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि संस्थेत नेमलेला किरण सुरक्षा अधिकारी लागतो, त्यामुळे ही सोय सर्व महाविद्यालयांत नसते. फ्लोरोसंट प्रायमर घेतला तरी रायबोसोमल आरएनएसाठी संवेदनक्षमता पुरेशी मिळते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एएमव्हीचे घ्या वा अन्य कोणते, बफरमध्ये मॅग्नेशियमच असू द्यावे; मँगनीज घातले की विकर चिकटलेले सीएमसी ओलांडून पुढे जाऊ लागते, आणि आपल्याला तर ते थांबायला हवे आहे. त्याच प्रायमरने, प्रक्रिया न केलेल्या आरएनएवर, डायडिऑक्सी न्यूक्लिओटाइड वापरून चार सिक्वेन्सिंग अभिक्रियाही लावाव्यात; जेलवर त्यांची शिडी बनते आणि तिच्यावरून प्रत्येक बँडची जागा कळते. त्या शिडीविना जेलवरचा कोणताही बँड निव्वळ बँडच राहतो.

पाचवी पायरी: जेल वाचणे

८ ते १० टक्के पॉलिॲक्रिलामाइड आणि ७ मोलर युरिया असलेल्या जेलवर हे तुकडे पळवावेत. वाचताना पहिला नियम असा, की रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज सीएमसी लागलेल्या न्यूक्लिओटाइडवर नव्हे, तर त्याच्या अलीकडे, एक घर ३ प्राइम बाजूला थांबते. स्यूडोयुरिडीन १९१७ ला असेल तर बँड १९१८ ला दिसेल. शिडीतल्या त्या युरिडीनच्या बँडपेक्षा तो एक घर खाली असेल. हा एकाचा फरक विसरला गेला की शेजारच्या निरपराध न्यूक्लिओटाइडवर ठपका येतो.

आता मूळ स्ट्रेनच्या लेन पाहा. सीएमसी दिलेल्या लेनमध्ये १९१८ आणि १९१२ येथे बँड दिसतात, न दिलेल्या लेनमध्ये ते नसतात. म्हणजे १९१७ आणि १९११ ही निःसंशय स्यूडोयुरिडीन आहेत. परंतु १९१६ चा बँड सीएमसी न दिलेल्या लेनमध्येही ठळक दिसतो. येथे विद्यार्थी गोंधळतो आणि नियंत्रण लेन बिघडली म्हणून जेल टाकून देतो. बिघडलेले काहीच नसते. १९१५ चे स्यूडोयुरिडीन साधे नाही. आरएलयू-डीचे काम झाल्यावर आरएलएम-एच हे दुसरे विकर, रायबोसोमची दोन्ही उपएकके जुळल्यानंतर, त्याच्या तिसऱ्या नायट्रोजनवर मिथाइल बसवते. हा नायट्रोजन जोडीच्या बाजूचा असल्याने रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज सीएमसीविनाच तिथे अडखळते, आणि सीएमसीला चिकटायला ती जागाही मोकळी उरत नाही. आरएलएम-एच काढलेला स्ट्रेन केइओ संग्रहात मिळतो. त्याचे आरएनए सोबत चालवले तर १९१६ चा बँड सीएमसी न दिलेल्या लेनमधून नाहीसा होऊन सीएमसी दिलेल्या लेनमध्ये उमटतो. एका बँडमागे दोन विकरे कशी उभी असतात हे यातून जितके चांगले कळते तितके पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

दुसरी बाब बँडच्या तीव्रतेची. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज आधी १९१७ ला, मग १९१५ ला आणि शेवटी १९११ ला पोहोचते. पहिल्या दोन ठिकाणी बरेचसे तुकडे संपलेले असल्यामुळे १९११ चा बँड फिका येतो, आणि त्यावरून तिथे स्यूडोयुरिडीन कमी आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. सीएमसीची पद्धत ‘आहे की नाही’ हे सांगते; ‘किती टक्के’ हे तिला विचारू नये.

आरएलयू-डी काढलेल्या स्ट्रेनमध्ये १९१८ आणि १९१२ चे बँड जायला हवेत. १९१६ चा बँडही क्षीण होतो, कारण आरएलएम-एचला साध्या युरिडीनपेक्षा स्यूडोयुरिडीनच पसंत आहे. २३ एस मधील इतर विकरांच्या जागा मात्र तशाच राहायला हव्यात. म्हणून २४५७ किंवा २५०४ च्या पुढे बसणारा दुसरा प्रायमर घेऊन तेही एकदा पडताळावे.

सहावी पायरी: दोष कोणाचा, विकराचा की फेरबदलाचा?

जनुक काढल्यावर बँड गेला आणि चांगले जनुक परत दिल्यावर आला, इतक्यावर ‘हे विकर ही जागा घडवते’ हे विधान करता येते. पण विद्यार्थी सहसा तिथे थांबत नाही. स्ट्रेन हळू वाढतो हे त्याने पाहिलेले असते आणि ‘स्यूडोयुरिडीन नसल्यामुळे वाढ मंदावली’ असे तो पुढे लिहून जातो. ही दोन विधाने वेगळी आहेत. विकर हे प्रथिन आहे. ते आरएनएला धरून ठेवते, त्याची घडी बसवायला मदत करते, आणि हे काम रासायनिक क्रियेहून स्वतंत्र असू शकते. टीआरयू-बीच्या बाबतीत तसेच निघाले: ट्रान्सफर आरएनएमधील ५५ वे स्यूडोयुरिडीन घडवणारे हे विकर निष्क्रिय केले तरी पेशीला त्याचा फायदा मिळत राहतो, आणि २०१६ साली ते ट्रान्सफर आरएनएला घडी घालायला मदत करते हे दाखवले गेले. चौथा, निष्क्रिय विकर दिलेला स्ट्रेन याचसाठी आहे.

आरएलयू-डीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २००१ साली ऑफेनगँड यांच्या प्रयोगशाळेने जाहीर केले, की निष्क्रिय आरएलयू-डी दिले तरी वाढ पूर्ववत होते, म्हणजे विकराला दुसरे काही काम असावे. २००५ साली त्याच प्रयोगशाळेने दाखवले, की निष्क्रिय विकराने वाढ सुधारत नाही, रायबोसोमच्या जुळणीतला दोष कायम राहतो, आणि स्यूडोयुरिडीनचा अभाव हेच सर्व दोषांचे पुरेसे कारण आहे. २००७ साली एजबी, सॉरेन्सेन आणि पेडरसन यांनी हा दोष प्रथिननिर्मितीच्या समाप्तीशी आणि रिलीज फॅक्टर २ शी जोडला. आणि २०११ साली ओ’कॉनर आणि ग्रेगरी यांनी सर्वांत बोलके निरीक्षण नोंदवले: के-१२ वंशात रिलीज फॅक्टर २ च्या २४६ व्या जागी थ्रिओनिन आहे, इतर बहुतेक जिवाणूंत तिथे ॲलनिन किंवा सेरिन असते, ज्या ई. कोलायमध्ये २४६ ला ॲलनिन आहे त्यात, तसेच साल्मोनेलात, आरएलयू-डी काढले तरी वाढीवर फारसा परिणाम होत नाही. २०१८ साली तर सातही विकरे काढून रायबोसोमल आरएनएमध्ये एकही स्यूडोयुरिडीन नसलेला ई. कोलाय तयार झाला, आणि तोही बऱ्यापैकी वाढतो.

प्रयोगशाळेतल्या लाडक्या स्ट्रेनच्या एका अमिनो आम्लामुळे एका फेरबदलाचे महत्त्व कित्येक वर्षे वाढीव दिसत राहिले, असा याचा सरळ अर्थ आहे. म्हणून वाढीविषयी काहीही लिहिण्यापूर्वी के-१२ खेरीज दुसऱ्या वंशातही जनुक काढून पाहावे. निदान पीआरएफ-बी मधील २४६ वी जागा ॲलनिनची केलेला स्ट्रेन सोबत ठेवावा. प्लाझ्मिडवरून दिलेल्या विकराची पातळीही माफक असू द्यावी, कारण विकर अति झाले तर ते त्याच्या नसलेल्या जागांवरही काम करू शकते.

सातवी पायरी: परीक्षानळीत पडताळणी

शुद्ध विकर आणि शुद्ध आरएनए एवढ्यावर क्रिया घडते हे दाखवता आले तर शंकेला जागा उरत नाही. यासाठीची जुनी आणि अजूनही उत्तम युक्ती अशी: युरिडीनच्या पाचव्या कार्बनवर ट्रिशियम असलेले आरएनए बनवावे. साखर त्या कार्बनवर जोडली जाताना तिथला ट्रिशियम पाण्यात सुटतो. मिश्रणात सक्रिय कोळशाची पूड घातली की आरएनए कोळशाला चिकटते आणि सुटलेला ट्रिशियम गाळलेल्या पाण्यात मोजता येतो. ही विकरे मंदगती आहेत, सेकंदाला एकापेक्षाही कमी फेऱ्या करतात. त्यामुळे मिनिटांच्या मापाने नमुने काढावेत.

आरएलयू-डीसाठी आरएनएची निवड महत्त्वाची आहे. उघड्या २३ एस आरएनएवर ते काम करते खरे, पण अचूक जागा साधत नाही. प्रथिनांसह जुळलेल्या ५० एस उपएककावर ते अधिक नेमके आणि अधिक कार्यक्षम ठरते, हे २००७ साली दाखवले गेले आहे. जनुक काढलेल्या स्ट्रेनमधून ५० एस वेगळे करून त्यावर विकर चालवावे आणि मग तिसऱ्या ते पाचव्या पायरीने जागा तपासावी. या मार्गात ट्रिशियमचीही गरज पडत नाही.

टक्केवारी आणि संदेशवाहक आरएनए

प्रमाण हवे असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री जोडलेल्या द्रव क्रोमॅटोग्राफीकडे जावे. वस्तुमान सारखे असले तरी स्यूडोयुरिडीन स्तंभातून आधी बाहेर पडते, आणि रेणू तोडल्यावर साध्या युरिडीनची साखर १३२ डाल्टनने सुटते तशी याची सुटत नाही, कारण तिचा बंध कार्बन-कार्बनचा आहे. ही पद्धत एकूण प्रमाण सांगते, जागा सांगत नाही. जागा हवी तर तेवढाच तुकडा आधी कापून वेगळा करावा लागतो.

संदेशवाहक आरएनएमधील जागा शोधण्यासाठी २०१४ साली सीएमसी आणि सखोल सिक्वेन्सिंग यांची सांगड घालणाऱ्या पद्धती आल्या. निरनिराळ्या गटांच्या याद्या एकमेकींशी फारशा जुळल्या नाहीत, हे नवख्याने आधीच जाणून असावे. अशा यादीतली एखादी जागा उचलून तिच्यावर वर्ष घालवण्यापूर्वी स्वतः ती पडताळावी. अलीकडच्या बायसल्फाइट पद्धतींत स्यूडोयुरिडीनच्या जागी सीडीएनएमधले (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएमधले) अक्षर गळते आणि गळण्याच्या प्रमाणावरून टक्केवारी काढता येते, त्यामुळे नव्या कामासाठी माझा कल त्यांच्याकडे आहे. नॅनोपोअरवर थेट आरएनए वाचताना अशा जागी यू ऐवजी सी वाचला जातो. हा इशारा म्हणून चांगला, पुरावा म्हणून अपुरा.

लशींविषयी विचारले जाते म्हणून एवढेच: कोविडच्या फायझर आणि मॉडर्ना लशींच्या आरएनएमध्ये एन-१ मिथाइल स्यूडोयुरिडीन असते, आणि अशा बदललेल्या न्यूक्लिओसाइडांमुळे आरएनएला होणारा प्रतिकार कमी होतो हे कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ पासून दाखवले, ज्यासाठी त्यांना २०२३ चे नोबेल मिळाले. त्यात सिंथेजचा संबंध नाही. तयार रासायनिक घटक आरएनए बनवतानाच युरिडीनऐवजी वापरला जातो.

पुढचा सराव

हेलिक्स ६९ जमले की २३ एस मधील २६०४ आणि २६०५ ही जोडी हाती घ्यावी. दोन स्यूडोयुरिडीन शेजारीशेजारी आहेत आणि त्यांची विकरे वेगळी: २६०४ आरएलयू-एफ घडवते, २६०५ आरएलयू-बी. मूळ स्ट्रेनमध्ये २६०६ आणि २६०५ येथे दोन लागोपाठ बँड येतात, त्यांतला वरचा सहसा फिका असतो. आरएलयू-बी काढले की खालचा जातो आणि वरचा ठळक होतो, आरएलयू-एफ काढले की वरचा जातो. येथे जेल लांब चालवावे, शिडी अगदी शेजारच्या लेनमध्ये ठेवावी, आणि वाचन करणाऱ्याला लेनची नावे न सांगता वाचायला द्यावे. लेनची नावे लपवूनही त्याला कोणत्या लेनमध्ये कोणते विकर गैरहजर आहे हे ओळखता आले, तर अनोळखी जागेचे आरएनए काढायला घेण्यास हरकत नाही.